नाव न छापलेला माणूस

मथळा

बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत काय काय असतं? छत्र्या. एकेकटे हातमोजे. चष्मे, डबे, एक कुबडी (कुबडी विसरून माणूस घरी कसा गेला असेल, हे कोडं तिथं अजून कुणाला सुटलेलं नाही). आणि मंगळवारपासून एक मेकॅनिक.

तो हरवलेला नव्हता. त्याला तिथं आणून ठेवलं होतं. सोमवारपर्यंत तो कार्यशाळेचा मुख्य मेकॅनिक होता. मंगळवारी सकाळी अधीक्षकानं त्याला बोलावलं, "बाहेर फार बोलायला लागलास," एवढंच म्हणाला आणि त्या खोलीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मेकॅनिकनं कानावर हात ठेवले, पण काय झालं असेल ते त्याला कळलं होतं. आदल्या दुपारी सभागृहात एका बाईनं भाषण केलं होतं.

ही बाई आधी पत्रकार होती. पाण्याच्या नळापासून बसच्या टायरपर्यंत शहरात जे जे गळतं आणि फुटतं त्यावर तिनं निम्मं आयुष्य लिहिलं. तिच्याबद्दल लोक एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: हिच्यापाशी ठेवलेलं नाव बाहेर पडत नाही. एकदा न्यायाधीशानं भर कोर्टात विचारलं तरी हिनं तोंड उघडलं नाही. त्याबद्दल तुरुंगात जाऊन बसली आणि बाहेर आली ती तिथल्या संडासांवर बातमी घेऊनच. पुढं ती निवडणुकीला उभी राहिली तेव्हा मतदारांनी बाकीचं काही विचारलंच नाही. नाव राखणारी बाई, बस्स.

सभागृहात आल्यावर तिनं एकच विषय धरून ठेवला. जो कामगार धोक्याची तक्रार करेल त्याची नोकरी आणि त्याचं नाव, दोन्ही कायद्यानं राखायचं. विधेयक तिचं, हट्ट तिचा, भाषणही तिचंच.

आणि ते मांडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बसच्या ब्रेकची तपासणी केवळ कागदावर होते हे तिला सांगणारा माणूस छत्र्यांमध्ये जाऊन बसला.

कुणीतरी नाव फोडलं होतं.

पोटमथळा: घरचंच माणूस

"वन्सं, तुम्ही लवकर या," असा फोन आला तेव्हा वन्सं खिडकीच्या काचा पुसत होती.

तिला 'वन्सं' फक्त वहिनी, म्हणजे सभागृहातली ती बाई, म्हणायची. पुढं 'तुम्ही'ही लावायची, तेही थट्टेनं, कारण नणंदेला असला मान देण्याचे दिवस कधीच गेले होते आणि दोघी एकमेकींच्या चपलासुद्धा घालत. पण वहिनीच्या कार्यालयातल्या लोकांनी ती थट्टा खरी मानली आणि आता तिथं शिपायापासून वकीलबाईंपर्यंत सगळे तिला वन्संच म्हणत.

वन्संनं आयुष्यभर विमा कंपनीत दाव्यांची तपासणी केली होती. जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं. तिची एक सवय पक्की होती. आग कुणी लावली हे ती आधी विचारायची नाही. सगळ्यात खोल कुठं जळलंय ते बघायची. काडेपेटी कुणाच्या खिशात होती हा प्रश्न नंतरचा. काडेपेट्या खूप जणांच्या खिशात असतात.

"उद्या मतदान आहे," वहिनी म्हणाली. ती खुर्चीत बसली नव्हती, टेबलाच्या कडेवर टेकली होती, वर्तमानपत्रात टेकायची तशीच. "समोरच्या बाकांवरचा एकजण विचारणारच. बाई, एक माणूस सांभाळता आला नाही, देशाचे कामगार काय सांभाळणार? त्याला माझ्याकडे उत्तर पाहिजे."

"आणि उत्तर तुझ्याकडे तयार आहे."

"टाचणी."

टाचणी म्हणजे वहिनीचा सहाय्यक. काडीसारखा बारीक, आणि दोन कागद एकत्र दिसले की टोचलेच म्हणून समजा.

"त्याचा मावसभाऊ त्याच डेपोत तिकीट खिडकीवर बसतो," वहिनी म्हणाली. "आणखी काय पाहिजे? मी त्याला घरी जायला सांगणार होते, पण म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. उद्या सकाळी मी उभी राहीन, चूक माझ्या कार्यालयातून झाली म्हणून सांगेन आणि त्याला काढल्याचं जाहीर करीन."

"आणि तो नसला तर?"

"म्हणून तर बोलावलं. पण वन्सं, माया करू नका हं त्याच्यावर. तुम्हाला बारीक माणसं दिसली की तुम्ही लगेच खाऊ घालायला धावता."

"तुझ्या नवऱ्याला लहानपणापासून मीच खाऊ घातलंय. तो कुठं बारीक होता?"

वहिनी हसली नाही. तेव्हा वन्संला कळलं, प्रकरण खोल जळलंय.

मूळ मजकूर

वन्संनं पहिल्यांदा भाषण मागितलं. छापील प्रतीतला तो भाग असा होता:

*अध्यक्ष महाराज, एका लिफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या मावशी मला भेटल्या. त्यांचं नाव मी सांगणार नाही.*

(म्हणजे बसच्या डेपोचा लिफ्टचा कारखाना केला. पुरुषाची बाई केली. चांगलं झाकलंय, वन्संनं मनात म्हटलं.)

*त्यांच्या कारखान्यात तपासणीचे शिक्के पडत होते आणि तपासणी होत नव्हती. त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. वरिष्ठ म्हणाले, कुरकूर करू नका.*

(गावही बदललंय. वयही.)

*अध्यक्ष महाराज, त्या मावशी मला म्हणाल्या, "यंत्र नव्यानं सासरी आलेल्या मुलीसारखं असतं. कुरकुरतंय तोवर चिंता नाही. गप्प झालं की मात्र घाबरायचं." आपल्याला गप्प कारखाने हवे आहेत का?*

(इथं सभागृहात बाकं वाजली असणार. छानच आहे की वाक्य.)

वन्संनं भाषण दोनदा वाचलं. धूर कुठंच दिसेना. या मजकुरावरून कुणाच्या बापाला त्या मेकॅनिकचा पत्ता लागला नसता. म्हणजे वहिनी म्हणते तेच खरं. कुणीतरी तोंडानं सांगितलं.

चौकट: टाचणीची फक्त उत्तरं

"बसा ना. नको? बरं, मग मीही उभाच राहतो."

"हो, आहे की मावसभाऊ तिकीट खिडकीवर. लपवलं कधी? इथं रुजू झालो त्या दिवशी मीच बाईंना सांगितलं."

"शेवटचं बोलणं? त्याच्या सासऱ्यांच्या कवळीबद्दल. ती बसमध्ये राहिली होती."

"मेकॅनिकचं नाव? वन्सं, शपथ घेऊन सांगतो, मला माहीत नाही. बाई नुसतं 'आपला माणूस' म्हणतात. भेटायलाही त्या एकट्याच जातात. मी गाडीत काच वर करून बसतो आणि दुसरीकडे बघतो. तसा हुकूमच आहे."

"फोटो? ते सगळे माझ्याच हातून गेलेत. त्या माणसानं मोबाइलवर काढलेले, झिजून चकचकीत झालेले ब्रेक. फाइल उघडली की आधी फोटोच. वकीलबाईंनीही ते बघितलेत. ते बघितल्यापासून मी चालत कामाला येतो. चपला झिजल्या तर चालतील म्हटलं."

"भाषण मीच टाइप केलं. एक ओळ जरा लांबली होती, म्हणून मी आटोपशीर केली. बाई ओरडल्या. लाल पेनानं होती तशी परत घातली."

"नाही हो, राग कसला. संशय यायचाच. मी टाचण्या, क्लिपा सगळं खणात वेगवेगळं लावून ठेवलंय. उद्या जो कुणी येईल त्याला सापडावं."

दुसरी बाजू

वकीलबाई कायद्याचा मसुदा लिहीत आणि माणसांशीही कलमं वाचावीत तशा बोलत.

"मला विचाराल तर तो किस्साच नको होता," त्या म्हणाल्या. "विधेयकात किस्से नसतात. घालायचाच असेल तर मोघम घाला, असं मी लेखी कळवलं होतं. 'एका कामगारानं चिंता व्यक्त केली.' संपलं."

"मग?"

"त्या म्हणाल्या, तुमची भाषा मेलेली आहे." वकीलबाईंनी चष्मा पुसला. "असेल. पण मेलेल्या भाषेमुळे कुणाची बदली झालेली मी तरी पाहिली नाही."

"नाव तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही आणि नकोच होतं. मला फोटो पुरेसे होते. उद्या हा माणूस नाकबूल गेला तरी झिजलेला ब्रेक नाकबूल जात नाही. म्हणून तर मी सांगून ठेवलं होतं, ते जुने ब्रेक जिथं ठेवलेत तिथून हलू देऊ नका."

आता वहिनीच्या जुन्या वर्तमानपत्राचा संपादक राहिला. वहिनीनं भाषणाआधी त्याला फोन केला होता, हे तिनं स्वतःच सांगितलं होतं. म्हणून वन्सं वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. तिथं अर्धी टेबलं रिकामी होती आणि उरलेल्या अर्ध्यांवर माणसं कानात यंत्रं घालून बसली होती. जुना संपादक काचेच्या खोलीत एकटाच होता. वहिनी सोडून गेली त्याचा राग त्यानं अजून जपून ठेवला होता.

"मी फोडलं असं वाटतं तुम्हाला?" तो म्हणाला. "मला तिनं नाव सांगितलं असतं तर फोडलं असतं का, हा वेगळा प्रश्न आहे. पण ती कधी सांगायची? आमच्यात एकदा एका बातमीवरून भांडण झालं, सबंध कचेरी बाहेर जाऊन उभी राहिली. तरी नाव नाही."

"भांडण नावावरूनच का?"

"नेहमी नाही. नावावरून कमीच. जास्त भांडणं अवतरणांवरून. कुणी मुलाखत दिली, आमच्या उपसंपादकानं त्याचं वाक्य जरा नीटनेटकं केलं, की ही वाघीण. माणूस बोलला तसंच छापायचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याचं नाव बदला, गाव बदला, पण अवतरणचिन्हांच्या आत हात घालायचा नाही." त्याच्या आवाजात आता राग कमी आणि काहीतरी दुसरंच जास्त होतं. "मीच शिकवलं होतं तिला ते. पहिल्याच आठवड्यात. पुढं तीच मला शिकवायला लागली."

"आणखी कशावरून भांडायची?"

"दुरुस्तीवरून. चूक पहिल्या पानावर आणि दुरुस्ती आतल्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात, हे तिला चालायचं नाही. चूक जेवढी मोठी छापली तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती छापा म्हणायची. वेडी. असं केलं तर पेपर कसा चालेल?"

वन्सं जिना उतरली. तिघंही खरं बोलत होती असं तिचं मन सांगत होतं. तपासणीच्या कामात याच्याएवढा वाईट दिवस नाही. सगळे खरं बोलतायत आणि गोदाम तर जळलंय.

घटनास्थळ

छत्री हरवल्याची तक्रार घेऊन वन्सं डेपोत गेली. तक्रार खोटी नव्हती. छत्री खरंच हरवली होती, चार पावसाळ्यांपूर्वी.

मेकॅनिक काउंटरमागे बसला होता. हातांवरचं ग्रीस धुऊनही नखांत राहिलं होतं आणि त्या हातांनी तो बेवारस चष्म्यांच्या काचा पुसत होता. कोपऱ्यात एक टेबलफॅन करकरत फिरत होता.

"मी बाईंची नणंद," वन्संनं हळूच सांगितलं.

त्यानं दाराकडं बघितलं. "काळी छत्री म्हणालात ना? इथं सगळ्या काळ्याच आहेत. शोधा हवं तेवढा वेळ."

छत्र्या उघडत-मिटत ती विचारत गेली. अधीक्षकानं नेमकं काय विचारलं? काहीच नाही, बाहेर फार बोलतोस एवढंच. तुमचा मोबाइल मागितला? नाही. फोटोंबद्दल काही? अवाक्षर नाही.

"आणि ते झिजलेले ब्रेक?"

"कार्यशाळेत, मागच्या खोक्यात. वर चिंध्या टाकल्यात. काल डबा आणायच्या निमित्तानं जाऊन आलो. चिंधीसुद्धा हललेली नाही."

वन्संच्या हातातली छत्री अर्धवट उघडी राहिली. फाइल बघणाऱ्या प्रत्येकाला आधी फोटो दिसत होते. ज्याला फाइलमधून खबर मिळाली असती, त्यानं सगळ्यात आधी काय केलं असतं? मोबाइल काढून घेतला असता, खोका गायब केला असता. अधीक्षकाला माणूस कळला होता, पण माणसानं काय दिलं ते कळलं नव्हतं.

"अधीक्षक कसा माणूस आहे?"

"पोरगेला होता तेव्हा माझ्याच हाताखाली शिकला. हात चांगला होता त्याचा. मग खुर्ची मिळाली." मेकॅनिकनं चष्मा उजेडाकडं धरला. "इथले निम्मे माझ्याच हाताखाली शिकलेत. म्हणून तर जास्त लागतं. बदलीचं काही नाही, पण कालपासून पोरं भलतंच चिडवतात."

"काय चिडवतात?"

तेवढ्यात एक ड्रायव्हर डोकावला. "माझा डबा आला का हो? आणि तो पंखा तरी बंद करा, कान किटले. किती करकरतो!"

"करकरतोय तोवर चांगलंय," मेकॅनिक सवयीनं म्हणाला. "ज्या दिवशी..."

"झालं!" ड्रायव्हरनं दोन्ही हात जोडले. "मावशींचं सुरू झालं!"

आणि हसत हसत निघून गेला.

"हे बघा, हेच," मेकॅनिक म्हणाला. "मावशी. छत्र्या राखतो म्हणून म्हणत असतील."

वन्संनं हातातली छत्री मिटली. ती तिची नव्हती.

"तुम्ही बाईंचं भाषण ऐकलंत?"

"नाही. कसं ऐकणार? मी गाडीखाली होतो."

अवतरण

"दार लाव," वन्सं म्हणाली.

वहिनीनं लावलं. वन्सं खुर्चीत बसली, वहिनी पुन्हा टेबलाच्या कडेला टेकली.

"टाचणी नाही. वकीलबाई नाही. फाइल बघितलेलं कुणीच नाही. डेपोत फोटोंचा पत्ताच नाही अजून, ब्रेक जागच्या जागी आहेत. तुझ्या कार्यालयातून काहीच गेलेलं नाही."

"मग संपादक."

"त्याला नाव ठाऊक नाही. नाव ठाऊक असलेली जगात दोनच माणसं. तो आणि तू."

"वन्सं, म्हणजे मी जाऊन अधीक्षकाला सांगितलं असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"थांब. डेपोत त्याला मावशी म्हणून चिडवतात. त्या मिशाळ माणसाला मावशी कुणी केलं?"

वहिनीचं तोंड उघडं राहिलं. "मी. भाषणात."

"भाषणातच. दुसरीकडे कुठंच तो मावशी नाही. म्हणजे डेपोतल्या लोकांना खबर कुणाच्या तोंडून कळलेली नाही, ती भाषणातून कळली. तुझं भाषण ऐकता ऐकता ते हसले असणार. अरे, या तर आपल्या मावशी!"

"कसं शक्य आहे? मी सगळं बदललं. गाव, कारखाना, बाई... काय ठेवलं मी त्यात त्याचं?"

टेबलावर छापील भाषण पडलं होतं. वन्संनं ते वहिनीकडं सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

वहिनीनं ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग मनात न वाचता मोठ्यानं वाचली, आणि सासरी आलेल्या मुलीपाशी आल्यावर कागद खाली ठेवला.

"हे त्याचं पालुपद आहे," वन्सं म्हणाली. "प्रत्येक शिकाऊ पोराला त्यानं हे ऐकवलंय. अधीक्षकालासुद्धा. डेपोत नुसता पंखा करकरला तरी लोकांना पुढचं वाक्य पाठ. टाचणीनं ती ओळ छोटी केली होती, तू परत घातलीस. वकीलबाई म्हणाल्या मोघम लिही, तू म्हणालीस मेलेली भाषा. तू त्याचा चेहरा झाकलास, कपडे बदललेस आणि आवाज तेवढा त्याचाच ठेवलास."

"अवतरणात हात घालायचा नाही," वहिनी पुटपुटली.

"पेपरात ठीक होतं गं. तिथं माणसाचं नाव खाली असायचं. त्याला त्याचे शब्द त्याच्याच नावावर हवे असायचे. इथं तू नाव काढून घेतलंस आणि शब्द ठेवलेस."

बाहेर टाचणी कुणाला तरी फोनवर सांगत होता की बाई कामात आहेत.

"ठीक," वहिनी एकदम उभी राहिली. "उद्या सांगते. चूक माझी. भाषणातून झाली. टाचणीचा काही संबंध नाही."

"सांग. आणि अधीक्षकाकडं आज नुसता संशय आहे, त्यावर उद्या तूच भर सभागृहात शिक्का मार. मेकॅनिक अजून नाही म्हणतोय. तू हो म्हण त्याच्या वतीनं."

वहिनी मटकन खुर्चीत बसली. पहिल्यांदाच.

"गप्प बसले तर टाचणी जातो. बोलले तर आपला माणूस जातो. मग करू काय मी? तुम्ही सांगा."

"मी कोण सांगणारी? त्याला विचारलंस का कधी?"

"काय विचारायचं?"

"नाव लपवू का म्हणून."

वहिनी उठली, तिनं दार उघडलं आणि टाचणीला गाडी बोलवायला सांगितलं.

गाळलेला प्रश्न

मेकॅनिकचं घर दोन खोल्यांचं. बायकोनं पाणी दिलं आणि ती नवऱ्याशेजारी बसली, जरा पुढं सरकून, म्हणजे बोलायची वेळ आली तर तीच बोलणार.

वहिनीनं आडवळण घेतलं नाही. काय झालं, कसं झालं, कुणामुळं झालं, सगळं सांगितलं. मेकॅनिकनं भाषणातली ती ओळ पुन्हा म्हणायला लावली.

"अगदी असंच म्हणालो होतो?"

"अगदी असंच."

"बरं म्हणालो की." त्याला मधेच हसू आलं. मग गंभीर झाला. "पण बाई, नाव लपवा असं मी कुठं म्हटलं होतं?"

"तुम्ही..." वहिनी थांबली.

"तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणालात. काळजी करू नका, तुमचं नाव कुठं येणार नाही. मला वाटलं तुमच्यात तशी पद्धत असेल. डॉक्टरकडं गेल्यावर जीभ दाखवतो तसं."

बायको म्हणाली, "आणि आता नाव घेतलंत तर काय होईल ते सांगा. खरं सांगा हं, भाषणातलं नको."

"खरं सांगायचं तर मला माहीत नाही," वहिनी म्हणाली. "कायदा अजून झालेला नाही. उद्या मतं पडतील की नाही तेही ठाऊक नाही. नाव घेतलं तर त्यांना हात लावणं जरा अवघड जाईल, कारण सगळे बघत असतील. पण खात्री देऊ शकत नाही. नाही म्हणालात तर मी फक्त माझ्या सहाय्यकाची चूक नव्हती एवढंच सांगेन. कारण विचारलं तरी सांगणार नाही. मला जे म्हणतील ते म्हणू देत. विधेयक पडलं तर पडलं."

नवरा-बायको आत गेले. भिंतीपलीकडून आधी तिचा आवाज आला, मग त्याचा, मग बराच वेळ तिचाच. वहिनी पाण्याच्या पेल्याकडं बघत बसली होती. जिनं आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारले, ती आता उत्तराची वाट बघत होती.

ते बाहेर आले.

"त्या खोलीत बेवारस वस्तूंना चिठ्ठ्या लावतो मी," मेकॅनिक म्हणाला. "कुठं सापडली, कधी सापडली. नावाची जागा कोरी. कालपासून वाटतंय, मलाच कुणीतरी चिठ्ठी लावलीय." त्यानं बायकोकडं बघितलं. तिनं मान हलवली. "घ्या नाव. पण पूर्ण घ्या, वडिलांच्या नावासकट. आणि आम्ही ऐकायला येणार."

"दोघंही," बायको म्हणाली.

दुरुस्ती

प्रेक्षकांच्या सज्जात वन्संच्या एका बाजूला मेकॅनिकची बायको होती आणि पलीकडं तो, इस्त्रीचा शर्ट घालून. खाली टाचणी कागदांचा गठ्ठा घेऊन दाराशी उभा होता. त्याला सकाळी वहिनीनं केबिनमध्ये बोलावून काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही. पण बाहेर आल्यावर त्यानं खणातल्या टाचण्या पुन्हा एकाच डबीत ओतल्या होत्या.

समोरच्या बाकावरून प्रश्न आला. अपेक्षेपेक्षाही खवचट आला.

वहिनी उभी राहिली. सोमवारी होती त्याच जागी, सोमवारी होता त्याच आवाजात.

"अध्यक्ष महाराज, मी वर्तमानपत्रातून आले. तिथं चूक झाली की दुरुस्ती छापतात, कोपऱ्यात. मी ती इथं, चूक झाली त्याच ठिकाणी करते आहे. एक माणूस माझ्यामुळं ओळखला गेला. माझ्या कार्यालयातल्या कुणामुळं नाही. त्याच्याबद्दलचं बाकी सगळं मी बदललं आणि त्याचे शब्द जसेच्या तसे वापरले, आणि ते शब्द वापरू का हे त्याला विचारलं नाही. नाव लपवू का, हेही विचारलं नाही. मी गृहीत धरलं. माझ्या विधेयकानंही तेच गृहीत धरलं होतं. म्हणून मी आज एक दुरुस्ती मांडते. नाव राखायचं की सांगायचं, हे तक्रार करणारा ठरवेल. त्याच्या वतीनं मी नाही आणि कायदाही नाही."

कुणीतरी बाक वाजवलं. कुणीतरी ओरडलं. वहिनी थांबली नाही.

"त्यानं ठरवलं आहे," ती म्हणाली.

आणि तिनं नाव घेतलं. आधी त्याचं, मग वडिलांचं, मग आडनाव. सावकाश, एकेक अक्षर सुटं. मागून बसचा डेपो आला, झिजलेले ब्रेक आले, छत्र्यांची खोली आली. खालची काही माणसं माना वर करून सज्जाकडं बघू लागली.

मेकॅनिकची बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. वन्संला कळेना, आपण काय केलं हे. मतदान व्हायचं होतं. डेपो उद्याही तिथंच असणार होता आणि अधीक्षकही. पलीकडं तो माणूस नुसता समोर बघत ताठ बसला होता आणि त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. वन्सं मनातून चरकली.

"ज्येष्ठ म्हणाली," तो एकदम म्हणाला.

"काय?" बायकोनं विचारलं.

"ज्येष्ठ मेकॅनिक म्हणाली मला. ज्येष्ठ म्हणजे म्हातारा. मी मुख्य मेकॅनिक आहे. मुख्य! एवढं पूर्ण नाव घेतलं आणि हुद्दा तेवढा चुकवला. आणि तो ध्वनिक्षेपक बघ, घरघरतोय, कुणी बघत नाही वाटतं इथं."

"अहो, गप्प बसा जरा," बायको कुजबुजली. "लोक बघतायत."

"बोलू द्या त्यांना," वन्संनं तिच्या हातावर हात ठेवला, आणि कालपासून आवळून धरलेले तिचे स्वतःचे खांदे खाली आले. "अजिबात गप्प करू नका."